गोष्टीतला ‘तू’ नेमका कोण?

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारात राहणाऱ्या आणि महाविद्यालयात शिकणाऱ्या दोन मुलींनी मोबाइलवर वाचण्यासाठी मराठीत एक गोष्ट लिहिली. ती नुसती वाचायची नव्हती. प्रत्येक पानाच्या शेवटी दोन-तीन पर्याय होते आणि वाचक ज्या पर्यायावर बोट ठेवील त्याप्रमाणे पुढचे पान उघडत होते. पहिलीच ओळ अशी होती : ‘संध्याकाळ झाली आहे. तू सूरसागराच्या काठावर उभा आहेस.’ लिहिणाऱ्या दोघी मुली आणि ज्यांच्यासाठी लिहिली त्या मैत्रिणीही मुलीच. मग हा ‘उभा’ कोठून आला, असे विचारल्यावर त्यांतली एक सहज म्हणाली, ‘गोष्टीतला तू तसाच असतो ना!’

तो तसाच का असतो, तसा नसावा असे वाटले तर काय करावे लागते, आणि स्त्री म्हणून किंवा विशिष्ट जातीची व्यक्ती म्हणून गोष्टीत शिरलेल्या वाचकासमोर समाजाचा पूर्वग्रह कसा ठेवावा, हे प्रश्न आता मराठीत लिहिणाऱ्यांपुढेही आले आहेत. घरातील वडीलधाऱ्यांना मात्र त्यात एवढे अवघड काय आहे हे चटकन कळत नाही. हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

या कथा असतात तरी कशा

वाचकाच्या निर्णयानुसार पुढे सरकणाऱ्या कथेला इंग्रजीत इंटरॅक्टिव्ह फिक्शन म्हणतात. येथे आपण तिला संवादी कथा म्हणू. अशा कथेत वाचक ज्याच्या भूमिकेत शिरतो, ज्याच्या वतीने निर्णय घेतो, त्याला वाचकपात्र म्हणू. नव्या संज्ञा एवढ्या दोनच पुरेत.

हा प्रकार आजचा नाही. अमेरिकेत विल क्राउदर यांनी १९७६ च्या सुमारास संगणकावर गुहेत भटकंती करण्याचा शब्दांचा खेळ लिहिला आणि पुढच्याच वर्षी डॉन वुड्स यांनी तो वाढवला. १९७९ मध्ये इन्फोकॉम नावाची कंपनी निघाली आणि तिने असे खेळ घरोघरी पोहोचवले. ‘हे करायचे असेल तर अमुक पानावर जा’ अशी मुलांची पुस्तकेही त्याच सुमारास लोकप्रिय झाली. २००९ मध्ये क्रिस क्लिमास यांनी ट्वाइन हे मोफत साधन उपलब्ध करून दिले आणि संगणकाची भाषा न शिकताही अशी कथा लिहिता येऊ लागली. आपल्याकडची मुले बहुधा याच साधनाने सुरुवात करतात.

या सर्व लेखनात एक गोष्ट समान आहे. निवेदक वाचकालाच उद्देशून बोलतो : तू दार उघडतोस, तू खाली उतरतोस, तुला आवाज येतो. कादंबरीतील नायिकेवर अन्याय झाला तर आपण तिच्याबद्दल हळहळतो. संवादी कथेत तोच अन्याय ‘तुझ्यावर’ होतो आणि त्याआधीचा निर्णयही आपणच घेतलेला असतो. एकच प्रसंग या दोन प्रकारांत वेगवेगळ्या तीव्रतेने लागतो. या लेखात जी काळजी सुचवली आहे तिचे सारे कारण एवढेच आहे.

मराठीत वाक्यच आधी विचारते

इंग्रजीत ‘यू’ म्हटले की वाचक स्त्री आहे की पुरुष याचा पत्ता लागत नाही. ग्रॅहम नेल्सन यांच्या ‘जिगसॉ’ या १९९५ च्या संवादी कथेत वाचकपात्राचे आणि त्याला भुरळ घालणाऱ्या दुसऱ्या मुख्य पात्राचेही लिंग शेवटपर्यंत सांगितलेले नाही. ज्याला ना वय, ना चेहरा, ना लिंग, ना संस्कृती अशा या बिनचेहऱ्याच्या नायकाची थट्टा पुढे ‘झॉर्क’ या संवादी खेळांच्या गाजलेल्या मालिकेतल्याच १९९७ च्या एका खेळाने केली आणि त्या विशेषणांच्या आद्याक्षरांचे एक लांबलचक, उच्चारायला अशक्यप्राय नाव आपल्या नायकाला देऊन टाकले.

मराठीत ही सोय नाही. ‘तू जातोस’ आणि ‘तू जातेस’, ‘तू आलास’ आणि ‘तू आलीस’, ‘एकटा’ आणि ‘एकटी’, ‘दमलेला’ आणि ‘दमलेली’ : दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यापर्यंत लेखकाला बाजू घ्यावीच लागते. वडोदऱ्यातील आपल्या मुलांना येथे आणखी एक ठेच लागते. गुजरातीत ‘तुं जाय छे’ हे वर्तमानकाळातले वाक्य मुलाला आणि मुलीला सारखेच चालते, ‘गयो’ आणि ‘गई’ हा भेद भूतकाळात येतो. त्यामुळे मनात गुजरातीत जुळवलेली वाक्ये मराठीत उतरवताना जेथे भेद नव्हता तेथे तो नकळत उमटतो आणि सवयीने पुल्लिंगीच उमटतो.

तरीही मराठी अगदीच हट्टी नाही. तिच्यात अनेक वाटा आहेत आणि त्या जाणीवपूर्वक वापरता येतात. ‘तू चालत आहेस’, ‘तू थांबत नाहीस’ यांत लिंग कळत नाही. भविष्यकाळात ‘जाशील’, ‘करशील’ ही रूपे सर्वांना समान आहेत; पर्याय लिहिताना ‘मी आत जातो’ऐवजी ‘मी आत जाईन’ किंवा नुसते ‘आत जाणे’ असे लिहिले की प्रश्नच मिटतो. ‘तुला भीती वाटते’, ‘तुझ्या लक्षात येते’ ही रचनाही निर्धोक आहे. सर्वांत उपयोगाचा आहे तो कर्म असलेला भूतकाळ, कारण तेथे क्रियापद कर्त्याकडे न पाहता कर्माकडे पाहते : ‘तू कडी काढलीस, कंदील उचललास, दार उघडलेस.’ काढलीस हे कडीमुळे, उचललास हे कंदिलामुळे आणि उघडलेस हे दारामुळे आले आहे. ते करणारा किंवा करणारी कोण, हे वाक्याने सांगितलेलेच नाही. अर्थात बोलणे, विसरणे, शिकणे यांसारखी काही क्रियापदे या नियमाला जुमानत नाहीत आणि ‘तू निरोप विसरलास’ की ‘विसरलीस’ हे ठरवावेच लागते. तेथे ‘निरोप तुझ्या लक्षातून गेला’ असे म्हणून सुटका होते.

येथे एक इशारा द्यायला हवा. लिंग लपवण्यासाठी नवखे लेखक ‘तुला’चा आधार घेतात आणि मग पानेच्या पाने ‘तुला दिसते, तुला ऐकू येते, तुला वाटते’ अशी जातात. वाक्ये निर्दोष असतात, पण वाचकपात्र काही करतच नाही. सारे त्याला होत राहते. ज्या पात्राच्या हाती निर्णय द्यायचे त्यालाच व्याकरणाने हतबल करून ठेवायचे, हा सौदा वाईट आहे. म्हणून ‘तुला कडी दिसली’ यापेक्षा ‘तू कडी काढलीस’ हे वाक्य मला केव्हाही अधिक मोलाचे वाटते.

‘तुम्ही’ वापरले की काम भागेल, असेही पुष्कळांना वाटते. ‘तुम्ही आलात’, ‘तुम्ही जाता’ येथवर ते खरे आहे. परंतु ‘तुम्ही दमलेले आहात’ की ‘दमलेल्या’, ‘एकटे’ की ‘एकट्या’, हा पेच विशेषण येताच पुन्हा उभा राहतो. शिवाय ‘तुम्ही’मुळे कथेला औपचारिकपणा येतो. दहा-बारा वर्षांच्या मुलाला पेशवाई ऐट आणून ‘तुम्ही पतंग उडवत आहात’ असे सांगितले तर ते हसेल.

विचारायचे, ठरवायचे की सांगायचेच नाही

लेखकापुढे मुख्यतः तीन मार्ग असतात. पहिला म्हणजे वाचकपात्र स्वतःच ठरवून टाकणे. इन्फोकॉमच्या एमी ब्रिग्ज यांनी १९८७ मध्ये ‘प्लंडर्ड हार्ट्स’ लिहिली. तिची नायिका स्त्रीच होती आणि खेळणाऱ्या प्रत्येक पुरुषालाही त्या तरुणीच्याच भूमिकेत शिरावे लागत होते. २०१४ च्या ‘एटी डेज’मध्ये मेग जयंत यांनी वाचकाला पासपार्तू या नोकराची भूमिका दिली, तो पुरुष आहे, फ्रेंच आहे, आणि त्याला भेटणाऱ्या जगभरच्या माणसांच्या नजरेतून तो कोण आहे हेही आपल्याला कळत जाते. पात्र ठरलेले असले की वाचकाचा अपमान होत नाही. आपण दुसऱ्या कोणाच्या तरी आयुष्यात शिरत आहोत हे त्याला पहिल्यापासून माहीत असते.

दुसरा मार्ग न सांगण्याचा. तो मराठीत किती कष्टाचा आहे हे वर आलेच. छोट्या कथेला तो शोभतो. तीनशे पानांच्या कथेत तो पाळताना लेखकाचे निम्मे लक्ष क्रियापदांवर राहते.

तिसरा मार्ग विचारण्याचा. १९८६ च्या ‘लेदर गॉडेसेस ऑफ फोबोस’ या खेळात स्टीव्ह मेरेट्झकी यांनी गमतीदार युक्ती केली : खेळ एका मद्यगृहात सुरू होतो, वाचकपात्राला लघवीला जायचे असते, आणि वाचक स्त्रियांच्या स्वच्छतागृहात शिरतो की पुरुषांच्या, यावरून पुढचे सारे ठरते. अर्ज भरल्यासारखे न विचारता कृतीतून विचारणे ही कल्पना आजही चांगली आहे. फक्त त्या विशिष्ट दारापाशी पारलिंगी (ट्रान्सजेंडर) व्यक्तीला रोज काय सोसावे लागते हे आता आपल्याला ठाऊक असल्याने ते दार मी निवडणार नाही. ‘फॉलन लंडन’ ही २००९ पासून चालू असलेली कथा स्त्री आणि पुरुष यांखेरीज तिसरा पर्यायही देते आणि तो तिच्या गूढ, विक्षिप्त जगाच्या भाषेत देते, त्यामुळे तो रकाना वाटत नाही.

विचारण्याचा मार्ग धरलाच तर एक पथ्य पाळावे. पाहुण्याला साखर किती हवी असे विचारायचे आणि मग सगळ्यांना एकाच पातेल्यातला चहा द्यायचा, तसे होऊ नये. पहिल्या पानावर ‘आपण स्त्री आहात की पुरुष?’ असे विचारून पुढे एकाही प्रसंगात, एकाही पात्राच्या बोलण्यात फरक पडणार नसेल, तर तो प्रश्न मुळातच गाळावा.

मग नेमके काय विचारावे

एका चौकटीत आपण नकळत चार प्रश्न कोंबतो : वाचकपात्र स्वतःला काय मानते, इतरांना ते काय वाटते, त्याला कोणाची ओढ वाटते आणि वाक्यात कोणते रूप वापरायचे. हे चारही वेगळे आहेत आणि बहुतेक कथांना त्यांतला शेवटचा प्रश्न पुरतो. तो सरळ रूपातच विचारता येतो : ‘गोष्टीने तुझ्याशी कसे बोलावे? आलास, आलीस की आलात?’ यात वाचकाला स्वतःची ओळख उघड करावी लागत नाही, आणि आपल्या भाषेत हा प्रश्न लहान मुलालाही समजतो. प्रेमाचा प्रसंग असेल तर ओढीचा प्रश्न त्या प्रसंगी, कोणाच्या शेजारी बसायचे अशा साध्या निवडीतून, आपोआप सुटतो.

तिसऱ्या पर्यायाबाबत एक चूक वारंवार दिसते. मराठीत नपुंसकलिंग आहे, तेव्हा स्त्री नाही आणि पुरुषही नाही म्हणजे ‘ते आले, ते बसले’ असे वस्तूसारखे लिहावे, असे काहींना तर्कशुद्ध वाटते. मोठ्या माणसाला एकवचनी नपुंसकलिंग लावणे म्हणजे त्याचे माणूसपण काढून घेणे होय. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या निकालात तृतीयपंथी व्यक्तींना स्वतःची लिंगभावविषयक ओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला आणि २०१९ मध्ये त्याविषयी स्वतंत्र कायदाही झाला; गोष्टीने तरी त्यांच्या वतीने निर्णय घेऊ नये. अनेक पारलिंगी स्त्रिया ‘आले’ किंवा ‘आलात’ नव्हे तर ‘आलीस’ हेच ऐकू इच्छितात. म्हणून तिन्ही रूपे सर्वांसाठी खुली ठेवावीत आणि कोणते कोणासाठी आहे हे लिहू नये.

तांत्रिक बाजू थोडक्यात सांगतो. वाचकाचे उत्तर कथा लक्षात ठेवते आणि जेथे शब्द बदलायचा तेथे त्या उत्तराप्रमाणे रूप छापते. प्रत्येक क्रियापदाला तीन रूपे जोडत बसणे वेळखाऊ आहे. त्यापेक्षा मूळ मजकूर शक्य तेवढा लिंगनिरपेक्ष लिहावा आणि जेथे रूप ऐकू आल्याने प्रसंगाला धार येते तेथेच ते बदलावे. आजीने दारातच ‘आलीस का गं?’ म्हणणे आणि ‘आलास का रे?’ म्हणणे यांत जो जिव्हाळा आहे तो कोणत्याही निरपेक्ष वाक्यात येणार नाही. नात्याच्या हाकांचेही तसेच. ताई, दादा, वहिनी, काकू या हाकांमधून आपल्याकडे लिंगच नव्हे तर वय आणि लग्न झाले की नाही हेही जाहीर होते, आणि मंगळबाजारातला दुकानदार ‘बेन’ म्हणतो की ‘भाई’ यावरून त्याने समोरच्याला काय समजले ते कळते. वाचकाने निवडलेले रूप एक आणि दुकानदाराची हाक दुसरी, असे मुद्दाम घडवले तर एका शब्दात सबंध प्रसंग उभा राहतो. चुकून घडले तर वाचक कथेबाहेर फेकला जातो.

पूर्वग्रह कोणाच्या तोंडी द्यायचा

समजा, कथा १९१२ मधील बडोदे संस्थानात घडते. सयाजीराव महाराजांनी अमेरिकेहून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालांना १९१० मध्ये बोलावून घेतले आहे, संस्थानात ग्रंथालयांचे जाळे विणले जात आहे आणि पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या गावोगाव फिरत आहेत. वाचकपात्र अशी एक पेटी घेऊन एका गावात पोहोचते. वाचकाने ‘आलीस’ हे रूप निवडले आहे. आता काय घडावे?

एक लेखक लिहील : ‘तू बाई असल्याने तुला पेटी उचलवत नाही.’ दुसरा लिहील : ‘पाटील पेटीकडे पाहत विचारतात, बरोबर पुरुषमाणूस कोणी नाही का?’ तिसरा कथेच्या नियमांतच स्त्रीच्या वाट्याला कमी बळाचा आकडा लिहून ठेवील आणि वाचकाला त्याचा पत्ताही लागणार नाही. पहिल्यात पूर्वग्रह निवेदकाचा आहे आणि निवेदक कथेत परमेश्वरासारखा असतो. तो म्हणतो ते त्या जगातले सत्य ठरते. दुसऱ्यात तो पाटलांचा आहे. ते चुकीचे असू शकतात, बदलू शकतात, त्यांना उत्तर देता येते. तिसरा प्रकार सर्वांत छुपा आणि म्हणून सर्वांत वाईट. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या प्रसिद्ध खेळाच्या १९७८ च्या नियमपुस्तकात मानवी स्त्रीपात्राच्या शक्तीला पुरुषापेक्षा कमी मर्यादा घातली होती. ज्या जगात ड्रॅगन उडतात आणि मंत्राने माणसे अदृश्य होतात तेथे वास्तवाची आठवण नेमकी याच ठिकाणी झाली, ही बाब बोलकी आहे.

तेव्हा साधा नियम असा की समाजाचा पूर्वग्रह समाजातल्या माणसांच्या तोंडी आणि वागण्यात असावा. निवेदकाने त्याला दुजोरा देऊ नये आणि कथेच्या गणिताने तो निसर्गनियम म्हणून लागू करू नये. पाटीलही एकरंगी नसावेत. जो माणूस बाईला पेटी उचलू देत नाही तोच आपल्या मुलीसाठी त्या पेटीतले पुस्तक हळूच मागून नेऊ शकतो. पूर्वग्रह बाळगणारी माणसे आपल्या ओळखीची, एरवी भली असतात, हे दाखवले की वाचकाला तो प्रसंग परका वाटत नाही.

आडनावाचा रकाना

पाश्चात्त्य लेखनात या विषयाची चर्चा बहुधा लिंगभाव आणि त्वचेचा वर्ण यांभोवती होते. आपल्याकडे जात आहे आणि ती विचारण्याची आपली पद्धत अशी की ती विचारल्यासारखी वाटतच नाही : ‘पूर्ण नाव काय आपले?’

या शहराला हे वेगळे सांगायला नको. १९१७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर शिष्यवृत्तीच्या करारानुसार बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या या अधिकाऱ्याला राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेच्या नोंदवहीत पारशी नाव लिहून ते राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले पारशी दारात आले आणि त्यांना तेथून निघावे लागले. ओळखीच्या हिंदू आणि ख्रिस्ती मित्रांकडेही आसरा मिळाला नाही. मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते कमाटीबागेत, म्हणजे आजच्या सयाजीबागेत, बसून राहिले. हे सारे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे आणि बागेतील ती जागा संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते.

आता अशा काळातील एखाद्या कल्पित तरुण कारकुनाची संवादी कथा लिहायची आहे असे समजू. पहिल्या पानावर ‘तुमचे पूर्ण नाव लिहा’ असा रकाना ठेवला तर वाचक बहुधा स्वतःचेच नाव लिहितो. पाच पानांनंतर धर्मशाळेचा व्यवस्थापक ते आडनाव वाचून वही मिटतो. हा अपमान आता पात्राचा उरला नाही. मोबाइल हातात धरलेल्या त्या खऱ्या मुलाचा झाला, आणि कदाचित शाळेत तो त्याने याआधी झेललेला आहे. उलट, ज्याला असा अनुभव कधीच आला नाही त्याचे प्रतिष्ठित आडनाव वाचूनही व्यवस्थापक वही मिटू लागला तर प्रसंगच खोटा पडतो. म्हणून पूर्वग्रहाची कथा असेल तेव्हा वाचकपात्राला लेखकाने नाव द्यावे, त्याचे घर, वडील, शिक्षण ठरवावे आणि वाचकाला आधीच सांगावे की तुम्ही या माणसाच्या जागी उभे राहणार आहात. नाव विचारायचेच असेल तर हाक मारण्यापुरते विचारावे.

शिव्यांबाबतही येथेच सांगतो. जातीवरून किंवा लिंगावरून दिलेली शिवी छापलीच पाहिजे असे नाही. ‘त्याने तुझ्या जातीचे नाव थुंकल्यासारखे उच्चारले’ या वाक्याने काम होते आणि तो शब्द वाचकाच्या डोळ्यांसमोर पुन्हा नाचवावा लागत नाही.

निवड कोणाच्या हातात

धर्मशाळेच्या दारातील प्रसंगाला कोणते पर्याय द्यावेत, हा खरा कसोटीचा भाग आहे.

पहिली चूक म्हणजे असा एक पर्याय ठेवणे की तो निवडला की काठ्या घेतलेली माणसे ओशाळून निघून जातात. मग ज्यांना तो ‘योग्य’ पर्याय सुचला नाही त्यांना हाकलले गेले ते त्यांच्याच चुकीमुळे, असा अर्थ निघतो. शतकानुशतकांचा अन्याय हजरजबाबीपणाच्या अभावावर ढकलला जातो. दुसरी चूक याच्या उलट : कोणताही पर्याय निवडा, पुढे मानहानीच. अशी पानामागून पाने गेली की दुःखाचे प्रदर्शन होते, आणि ज्याने ते भोगले नाही तो वाचक हळहळून मोबाइल बाजूला ठेवतो, ज्याने भोगले आहे तो पहिल्या दोन पानांतच ठेवतो.

मधला मार्ग आहे. काय घडेल हे वाचकाच्या हाती नसेल, पण तो ते कसे झेलील, हे असू शकते. नोंदवहीत कोणते नाव लिहायचे, व्यवस्थापकाला खरे कधी सांगायचे, पुस्तकांची पेटी आधी उचलायची की कपड्यांची, कोणत्या मित्राचे दार ठोठवायचे, कचेरीत दुसऱ्या दिवशी हे सांगायचे की गिळायचे, घरी पत्रात काय लिहायचे : या निवडींनी घटना टळत नाही, मात्र तिचा अर्थ बदलतो आणि पुढची नाती बदलतात. कथेने या निवडी लक्षात ठेवाव्यात आणि वीस पानांनंतर त्यांचे पडसाद दाखवावेत.

आणखी एक अवघड जागा अशी की वाचकपात्र स्वतःच पूर्वग्रहाने वागू शकते. वाचकाला व्यवस्थापकाच्या खुर्चीत बसवणे ही धाडसी आणि पुष्कळदा उपयुक्त कल्पना आहे; परंतु तेव्हा वही मिटणाऱ्याला गुण मिळू नयेत आणि न मिटणाऱ्याला लगेच शाबासकीही मिळू नये, कारण खऱ्या आयुष्यात वही न मिटण्याची किंमत मोजावी लागते.

‘पण इतिहास तर तसाच होता!’

हा आक्षेप हमखास येतो आणि तो पूर्णपणे चुकीचा नाही. जुन्या काळातील कथेत पूर्वग्रह पुसून टाकणे म्हणजे ज्यांनी तो सोसला त्यांनाही पुसून टाकणे. ‘चॉइस ऑफ ब्रॉडसाइड्स’ या २०१० च्या समुद्री युद्धकथेने वेगळीच वाट काढली : वाचकाने स्त्री हे उत्तर दिले की सारा समाजच उलटतो, आरमारात अधिकारी स्त्रिया असतात आणि पुरुष घरी लग्नाची वाट पाहतात. त्यामुळे स्त्रीवाचकाला साहसकथेची मजा निर्वेध मिळते आणि पुरुषवाचकाने उलट्या जगात पुन्हा खेळून पाहिले तर नेहमीच्या जगातल्या रीती त्याला खटकू लागतात. मात्र या युक्तीत प्रत्यक्ष जगात लढलेल्या स्त्रीचा संघर्ष दाखवण्याची जागा उरत नाही. साहसकथेला ती चालते, बडोद्याच्या इतिहासावरील कथेला ती चालणार नाही.

परंतु ‘इतिहास तसाच होता’ असे म्हणणाऱ्याला इतिहास किती ठाऊक आहे, हेही विचारावे. बडोदे संस्थानाने १९०४ मध्ये बालविवाहाला आळा घालणारा कायदा केला, १९०६ मध्ये मुलींसह सर्वांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, आणि १९२७ मध्ये पुण्यात भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अधिवेशनाच्या अध्यक्ष महाराणी चिमणाबाई होत्या. याच संस्थानात १९१७ मध्ये वरचा प्रसंगही घडला. सुधारणेचा कायदा करणारे दरबार आणि आंबेडकरांच्या टेबलावर फायली दुरून टाकणारे शिपाई एकाच शहरात, एकाच काळात होते. त्या काळातील बाई काही करूच शकत नव्हती असे लिहिणे जितके अनैतिहासिक, तितकेच बडोद्यात सारे आलबेल होते असे लिहिणे.

‘अशाने सगळेच मिळमिळीत होईल’

संवेदनशीलता म्हणजे कडू भाग गाळणे, असा समज यामागे आहे. वरच्या एकाही सूचनेत प्रसंग गाळायला सांगितलेले नाही. तो कोणाच्या तोंडी असावा, कोणाच्या नावावर पडावा आणि वाचकाच्या हाती काय असावे, एवढेच सांगितले आहे. सुरुवातीला दोन ओळींची सूचना देणे, ‘या कथेत जातीवरून झालेल्या अपमानाचे प्रसंग आहेत’, आणि एखादा प्रसंग थोडक्यात वाचून पुढे जाण्याचा पर्याय ठेवणे, यानेही कथा सौम्य होत नाही. उलट लेखकाला त्या प्रसंगात अधिक मोकळेपणाने लिहिता येते, कारण समोरचा वाचक जाणूनबुजून आत आलेला असतो.

स्वतः न अनुभवलेल्या आयुष्याबद्दल लिहू नये काय, असेही विचारले जाते. अवश्य लिहावे, मात्र ज्याने ते जगले आहे अशा व्यक्तीला छापण्यापूर्वी वाचायला द्यावे, त्या कामाचा मोबदला द्यावा आणि तिने दाखवलेल्या चुकीवर वाद घालण्याआधी एक रात्र जाऊ द्यावी.

छापण्यापूर्वीची तपासणी

कथा पूर्ण झाल्यावर ती तिन्ही रूपांत, पहिल्या पानापासून, मोठ्याने वाचून पाहावी. डोळ्यांना न दिसलेली चुकीची रूपे कानाला लगेच खटकतात. ‘आलात’पासून सुरुवात करावी, कारण लेखक स्वतः ते रूप क्वचितच निवडतो आणि चुका तेथेच साठतात. मग ट्वाइनमधल्या शोधपेटीत ‘तोस’, ‘लास’, ‘लेला’ असे शेवट टाकून सर्व पाने चाळावीत. ‘उचललास’सारखी निर्दोष रूपेही त्यात सापडतील, पण प्रत्येक ठिकाणी थांबून हे रूप कर्त्यामुळे आले की कर्मामुळे, एवढे पाहिले की पुरते. त्यानंतर कथा एखाद्या अशा वाचकाला द्यावी ज्याने तिचा एकही शब्द आधी पाहिलेला नाही, त्याच्या शेजारी कागद-पेन्सिल घेऊन बसावे, तो जेथे बोट अडखळून थांबवील त्या पानाचे नाव लिहून घ्यावे, आणि त्याने विचारल्याशिवाय काहीही समजावून सांगू नये.